नाशिक परिसरातील ऊस गळीत हंगाम आणि रमनिर्मिती

ऊस गळीत हंगाम (गाळप हंगाम) म्हणजे शेतातील ऊस तोडून साखर कारखान्यात त्याचे गाळप करण्याचा वार्षिक कालावधी. महाराष्ट्रात तो साधारणपणे ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि उसाच्या उपलब्धतेनुसार मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नाशिक जिल्ह्यातील गोदावरी, कादवा, दारणा, गिरणा व मोसम या नद्यांची खोरी आणि त्यांना लागून असलेले अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव, राहाता व श्रीरामपूर हे तालुके मिळून या हंगामाचा एक सलग पट्टा तयार होतो. साखर हे हंगामाचे मुख्य उत्पादन असले तरी साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीपासून मद्यार्क, रम, देशी दारू, औद्योगिक अल्कोहोल व इंधनातील इथेनॉल तयार होते. तोडलेला ऊस थांबू शकत नाही, मळी मात्र महिनोन्महिने टाकीत राहू शकते. शेतापासून रमच्या बाटलीपर्यंतची बहुतेक व्यवस्था या एका फरकातून घडलेली आहे.

परिसर व पार्श्वभूमी

कारखाने येण्यापूर्वीही या भागात ऊस होता. बागलाण तालुक्यात व लगतच्या धुळे जिल्ह्यात नदीवर बंधारा घालून सामुदायिक पाणीवाटप करणाऱ्या फड पद्धतीत उसाचा स्वतंत्र फड असे आणि त्या उसाचा गूळ गुऱ्हाळात होई. ब्रिटिश काळात चणकापूर (१९११) व दारणा (१९१६) ही धरणे आणि नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यावरून निघणारे गोदावरीचे कालवे झाल्यावर बारमाही पाण्याचे क्षेत्र वाढले आणि ऊस व्यापारी पीक बनला.

वालचंद हिराचंद यांनी मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे जमीन घेऊन ऊसशेती उभी केली आणि १९३३ मध्ये ‘रावळगाव शुगर फार्म’ ही कंपनी स्थापन केली. कंपनीच्या नावातच ‘फार्म’ हा शब्द आहे. स्वतःच्या शेतातील ऊस स्वतःच्याच कारखान्यात गाळणे ही तिची मूळ कल्पना होती. पुढील पिढ्यांना रावळगाव हे नाव साखरेपेक्षा गोळ्या-चॉकलेटांमुळे अधिक परिचित झाले. साखर कारखाना नंतर दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि गोळ्यांची व्यापारचिन्हे २०२४ मध्ये रिलायन्स समूहातील कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतली. १९३३ मध्येच महादेव डहाणूकर यांनी श्रीरामपूरजवळ महाराष्ट्र शुगर मिल्सची स्थापना केली. या वसाहतीला टिळकनगर हे नाव मिळाले. कंपनी पुढे मद्यनिर्मितीकडे वळली आणि टिळकनगर इंडस्ट्रीज या नावाने ओळखली जाऊ लागली. ब्रँडी हे तिचे प्रमुख उत्पादन असले तरी ‘मदिरा’ ही रमही तिच्या उत्पादनांत आहे. कोपरगाव तालुक्यात करमशीभाई सोमय्या यांनी १९३९ मध्ये गोदावरी शुगर मिल्स सुरू केली. तिच्या साकरवाडी येथील प्रकल्पात आज अल्कोहोलपासून रसायने तयार होतात.

विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० मध्ये सुरू झाले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातही सहकारी कारखाने निघाले. निफाड (निसाका), नाशिक (नासाका, पळसे), गिरणा (दाभाडी), वसंतदादा पाटील (वसाका, विठेवाडी) आणि कादवा (दिंडोरी तालुका) ही त्यांतील प्रमुख नावे. यांपैकी बहुतेक कारखाने कर्ज व ऊसटंचाईमुळे बंद पडले. काही विकले गेले, तर काही भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न झाले. सहकारी तत्त्वावर सातत्याने चाललेला कारखाना म्हणून कादवाचे नाव घेतले जाते. बागलाण तालुक्यातील शेवरे येथील द्वारकाधीश हा कारखाना खासगी आहे. दिंडोरी व निफाड या तालुक्यांत द्राक्षे, कांदा व टोमॅटो यांनी उसाची बरीच जागा घेतल्याने जिल्ह्यातील कारखान्यांना ऊस कमी पडतो. उरलेल्या उसासाठी शेजारच्या जिल्ह्यातील कारखानेही तोडणी-टोळ्या पाठवतात. कार्यक्षेत्राबाहेरून येणाऱ्या अशा उसाला ‘गेटकेन’ म्हणतात.

हंगामाचा आरंभ

साखर वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असे मोजले जाते. गाळप कोणत्या दिवसापासून सुरू करायचे हे राज्यात मंत्री समिती ठरवते आणि प्रत्येक कारखान्याला पुणे येथील साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. आधीच्या हंगामाची थकबाकी असलेल्या कारखान्याचा परवाना अडतो. दसऱ्याच्या सुमारास ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ होते आणि नंतर गव्हाणीत, म्हणजे ऊस यंत्राकडे वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर, पहिली मोळी टाकून गाळपाचा शुभारंभ केला जातो.

मुहूर्त लवकर धरण्यात धोका असतो. पाऊस संपून रात्री थंड झाल्यावर उसाची वाढ मंदावते आणि पानांत तयार झालेली साखर कांड्यांत साठू लागते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात साखर उतारा सर्वाधिक असतो. निफाड तालुक्यातील कडाक्याची थंडी द्राक्षबागायतदाराला धडकी भरवते, ऊस उत्पादकाला मात्र ती उपकारक ठरते. ऑक्टोबरमध्ये तोडलेला कोवळा ऊस वजन देतो, साखर कमी देतो. एप्रिलनंतरच्या उन्हात उभा ऊस वाळतो, त्याला तुरा येऊन गेलेला असतो आणि वजन व उतारा दोन्ही घटतात.

पक्वता लागणीवरही अवलंबून असते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पूर्वहंगामी त्याहून थोडा कमी मुदतीचा, तर थंडीच्या उत्तरार्धात लावलेला सुरू ऊस सुमारे बारा महिन्यांचा असताना तोडला जातो. पहिल्या तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकाला खोडवा म्हणतात. कारखान्याचे शेतकी खाते लागणीची तारीख नोंदवून तोडणीचा क्रम लावते. हा क्रम गावागावांतील वादाचा नेहमीचा विषय असतो, कारण तोड महिनाभर लांबली की खोडवा उशिरा फुटतो आणि पुढच्या वर्षाचे गणितही बिघडते. राज्यात ‘को ८६०३२’ (निरा) ही जात दीर्घकाळ मोठ्या क्षेत्रावर आहे. ‘फुले २६५’ ही जातही प्रचलित आहे.

तोडणी

तोडणीचे बहुतांश काम आजही हाताने होते. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून, तसेच नाशिक, जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या कोरडवाहू तालुक्यांतून मजूर कुटुंबे हंगामापुरती स्थलांतर करतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि मजुरीचा करार व्यक्तीशी न होता कोयत्याशी होतो. हंगामाआधी मुकादम या जोडीला ‘उचल’ देतो. ही आगाऊ रक्कम पन्नास हजारांपासून एक लाखाहून अधिक असू शकते आणि ती हंगामभर तोडलेल्या टनांतून फिटते. हंगाम लवकर आटोपला तर उचल फिटत नाही आणि कुटुंब पुढच्या हंगामासाठी त्याच मुकादमाशी बांधले जाते.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण बुडाकडील कांड्यांत साखर सर्वाधिक असते. शेंड्याकडील भागात साखर कमी आणि साखरेचे स्फटिक होऊ न देणारे घटक जास्त असतात, म्हणून तो छाटला जातो. या शेंड्यांना ‘वाढे’ म्हणतात. जनावरांच्या वैरणीसाठी वाढ्यांना गिऱ्हाईक असते आणि त्यांची विक्री ही मजुरांची दुय्यम मिळकत होय. पाचट काढून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून त्या गाडीत रचणे हा कामाचा उत्तरार्ध असतो. एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतो. वाहतुकीनुसार बैलगाडीवाले, ट्रॅक्टरच्या लहान गाड्यांवरचे आणि ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्या असे भेद असतात. ट्रक रात्री येतो तेव्हा भरणीही रात्री होते.

कारखाने आणि कामगार संघटना यांच्यातील करारानुसार तोडणीचे दर ठरतात. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या तडजोडीत दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. दर टनावर असल्याने आजारपणाचा, बाळंतपणाचा किंवा पाळीचा दिवस म्हणजे सरळ बुडालेली मजुरी असते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले असून त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये घेण्याची तरतूद आहे. मुलांसाठी तळावर भरणाऱ्या ‘साखरशाळा’ काही कारखान्यांनी व संस्थांनी चालवल्या, पण शाळा सोडून कोपीत राहावे लागणाऱ्या मुलांचा प्रश्न संपलेला नाही.

फडात बिबट्या आढळणे ही नाशिक व लगतच्या तालुक्यांतील हंगामाची नेहमीची बाब आहे. वर्षभर न हलणारे उंच पीक, जवळ पाणी आणि गावातील कुत्री-डुकरे यांमुळे बिबट्याची मादी उसातच पिल्ले घालते. तोडणी करताना बछडे सापडले तर त्यांना दूर नेऊ नये असा वनविभागाचा प्रघात आहे. संध्याकाळी ती त्याच जागी खोक्यात ठेवली जातात आणि बहुधा रात्रीतून मादी येऊन त्यांना घेऊन जाते. तोवर त्या फडातील काम थांबते आणि टोळीचा तो दिवस जातो.

तोडलेल्या उसाचा वेळ

कोयता लागताच उसातील साखरेची हानी सुरू होते. उसाच्याच पेशींमधील इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन करते. तोडलेल्या टोकांतून शिरणारे ल्युकोनोस्टॉकसारखे जिवाणू साखर खाऊन डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात, त्यामुळे रस गाळणे व स्फटिकीकरण अवघड होते. शिवाय ऊस वाळून वजन घटते. म्हणून ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळला जावा असा आग्रह असतो. जळालेल्या उसाच्या बाबतीत हा ऱ्हास अधिक वेगाने होतो.

हे नुकसान सर्वांना सारखे बसत नाही. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. त्यामुळे वाटेत किंवा गाडीतळावर घटलेले वजन शेतकऱ्याच्या पैशातून आणि तोडणाऱ्याच्या मजुरीतूनही वजा होते. कारखान्याला मात्र विघटित साखरेचा काही भाग परत मिळतो. ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे साखरेच्या पोत्यात रूपांतर होत नसले तरी ते मळीत उतरतात आणि यीस्टला ते चालतात. साखरेच्या दृष्टीने वाया गेलेला अंश मद्यार्काच्या दृष्टीने पूर्णपणे वाया जात नाही.

उसाचा किमान दर केंद्र सरकार रास्त व किफायतशीर दर (एफआरपी) म्हणून जाहीर करते. २०२५–२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. उतारा शेतकऱ्यागणिक मोजला जात नाही, तो कारखान्याच्या सरासरीवर धरतात. तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम, ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार, १४ दिवसांत देणे बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागू होते. उताऱ्याच्या या हिशेबात मळीचे उत्पन्न धरलेले नसते.

मळी

कारखान्यात उसाचे तुकडे करून रोलरमधून रस काढला जातो. उरलेला चोथा (बगॅस) बॉयलरमध्ये जळतो. रस शुद्ध करून, आटवून, निर्वात पात्रांत शिजवला की स्फटिक धरतात आणि केंद्रोत्सारी यंत्रात फिरवून साखर व द्रव वेगळे होतात. वारंवार साखर काढून घेतल्यावर जो दाट, काळसर, कडवट गोड द्रव उरतो तो म्हणजे मळी. रस गाळताना मिळणाऱ्या गाळालाही ग्रामीण भागात ‘मळी’च म्हणतात आणि ती शेतात खत म्हणून टाकतात. या लेखात मळी हा शब्द केवळ द्रवासाठी वापरला आहे. गुऱ्हाळातील काकवी ही याहून वेगळी असते, कारण तिच्यातून साखर काढून घेतलेली नसते.

उसाच्या वजनाच्या साधारण चार ते साडेचार टक्के मळी निघते. शेवटच्या टप्प्यावरील मळीला ‘सी-हेवी’ आणि साखरेचा एक फेर आधीच सोडून दिलेल्या मळीला ‘बी-हेवी’ म्हणतात. दुसऱ्या प्रकारात साखर जास्त असल्याने मद्यार्क अधिक मिळतो. दाटपणामुळे मळीत यीस्टची वाढ होत नाही आणि ती पोलादी टाक्यांत टिकते. त्यामुळे मळीवर चालणाऱ्या आसवन्या (डिस्टिलऱ्या) हंगाम संपल्यावरही सुरू राहू शकतात. मळीचा साठा व वाहतूक राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या देखरेखीखाली असते.

रम

उसाचा रस, मळी किंवा उसाच्या इतर उत्पादनांचे किण्वन करून व त्याचे ऊर्ध्वपातन करून मिळणारे मद्य म्हणजे रम. मळीत पाणी मिसळून यीस्ट सोडले की एक-दोन दिवसांत सुमारे आठ-दहा टक्के अल्कोहोल असलेला ‘वॉश’ तयार होतो. तो उंच स्तंभांत तापवून अल्कोहोल वेगळे केले जाते. सुमारे ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेल्या उदासीन मद्यार्कात उसाची चव जवळजवळ उरत नाही. कमी शुद्धीवर थांबवलेल्या किंवा भांड्याच्या भट्टीत काढलेल्या मद्यात ती राहते आणि ओकच्या पिंपात ठेवल्यावर तिला रंग व गोलाई येते. उष्ण हवामानात पिंपातील मद्य वेगाने मुरते आणि तितक्याच वेगाने उडूनही जाते. भारतात स्वस्त रमचा गडद रंग पुष्कळदा पिंपापेक्षा कॅरॅमलमुळे आलेला असतो. त्यामुळे रंगावरून वय ओळखणे व्यर्थ आहे. भारतीय मद्यात अल्कोहोलचे प्रचलित प्रमाण ४२.८ टक्के असते. देशातील सर्वाधिक परिचित रम ‘ओल्ड मंक’ ही मोहन मीकिन कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणली. महाराष्ट्रात मळीच्या मद्यार्काचा मोठा भाग रमऐवजी देशी दारूत जात आला आहे.

शेतालगतची रम ही संकल्पना याहून वेगळी आहे. कॅरिबियन बेटांतील मार्टिनिक येथे ताज्या रसापासून ‘रम आग्रिकोल’ तयार होते. १९९६ पासून तिला फ्रान्सचे नियंत्रित मूळस्थान मानांकन आहे. ब्राझीलची काशासा हीही रसापासूनच बनते. काढलेला रस काही तासांत आंबू लागतो, म्हणून अशी आसवनी उसाच्या शेतापासून दूर असू शकत नाही आणि तोडणी थांबली की तिची भट्टीही थांबते. तेथे गळीत हंगाम हाच मद्याचा हंगाम असतो. भारतात ताज्या रसापासूनची मुरवलेली रम अलीकडे, हरियाणातील ‘कामिकारा’च्या रूपाने २०२२ मध्ये, ठळकपणे पुढे आली.

नाशिकमध्ये पिकाच्या हंगामाशी बांधलेले मद्य आहे, पण ते द्राक्षाचे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सुला विनयार्ड्सनंतर जिल्ह्यात अनेक वायनरी उभ्या राहिल्या. त्यांची द्राक्षतोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात, म्हणजे ऊसतोडणी भरात असतानाच होते. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाइनला सवलती दिल्या. रम मात्र भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या प्रवर्गात राहिली. एकाच कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या दोन पिकांपैकी एकाचे मद्य बाटलीवर गावाचे नाव मिरवते, तर दुसऱ्याचे टँकरमधून निनावी मद्यार्क म्हणून जाते. या फरकाला मातीपेक्षा धोरण आणि मळीचे टिकाऊपण अधिक कारणीभूत आहे.

इथेनॉल व सांडपाणी

मुंबई राज्यात १९५० मध्ये दारूबंदी लागू झाल्यावर मळीच्या मद्यार्काला उद्योगांकडे वळावे लागले. दारूबंदी पुढे शिथिल झाली, तरी पिण्याचे मद्य आणि औद्योगिक वापर यांतील ही स्पर्धा कायम राहिली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातील पहिले पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये झाले. त्यांतील दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होती, मिरज आणि नाशिक जिल्ह्यातील मनमाड. आज मद्यार्काचा सर्वांत मोठा ग्राहक इंधन कंपन्या झाल्या आहेत. साखरटंचाईच्या भीतीने केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एकाएकी निर्बंध घातले, तेव्हा हंगाम ऐन भरात होता. काही दिवसांतच हे निर्बंध अंशतः सैल करण्यात आले. मद्यार्कावरील अधिकाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाली काढला आणि औद्योगिक अल्कोहोलवरही राज्यांचा नियमनाधिकार मान्य केला.

एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर ‘स्पेंटवॉश’ हे गडद, अत्यंत प्रदूषक सांडपाणी निघते. ते ओढ्यात सुटले तर विहिरींचे पाणी तांबूस होते. बायोगॅस काढणे, आटवून जाळणे किंवा गाळाच्या मळीत मिसळून कंपोस्ट करणे हे उपाय वापरले जातात. कंपोस्टचे काम उघड्यावर होत असल्याने पावसाळ्यात थांबवावे लागते. वर्षभर चालू शकणाऱ्या आसवनीला अशा रीतीने पुन्हा ऋतूचे बंधन येते.

हंगामाची सांगता

ऊस संपत आला की गाळप अर्ध्या क्षमतेवर येते आणि शेवटची मोळी टाकून गव्हाण बंद होते. ऊसतोड कामगारांच्या बोलीत याला ‘पट्टा पडला’ म्हणतात. अलीकडे मजुरांच्या टंचाईमुळे ऊसतोडणी यंत्रांची संख्या वाढत आहे. यंत्र ऊस आखूड तुकड्यांत कापते, त्यामुळे जिवाणूंना शिरायला जास्त टोके उघडी पडतात आणि गाळपाची घाई आणखी वाढते. लहान व तुकड्यांच्या शेतांत, अरुंद सरींत आणि आडव्या पडलेल्या उसात यंत्र नीट चालत नाही. असे फड अजूनही टोळ्यांकडेच येतात. पट्टा पडल्यावर मुकादमाकडे कोयत्यागणिक टनांचा हिशेब होतो, उचलीतून फिटलेली रक्कम वजा केली जाते आणि कुटुंबे बैलगाड्यांनी किंवा ट्रकमधून गावाकडे निघतात. कारखान्याच्या टाक्यांत तेव्हा मळी भरलेली असते आणि ज्यांना आसवनी जोडलेली आहे तेथे तिचे काम पुढील काही महिने चालू राहते.